मोटारींचे शौकीन आणि सामुदायिक खरेदी

मोटारगाडी हें पुष्कळांच्या दृष्टीनें केवळ प्रवासाचें साधन असतें. परंतु गाडीचा वेग आणि वळणावरील तिची पकड यांतच ज्यांचें मन रमतें, असा एक शौकीन वर्ग बहुतेक देशांत आढळतो. कारखान्यानें दिलेल्या भागांवर त्याचें समाधान होत नाहीं. त्यास अधिक हलकीं चाकें, अधिक ताठ स्प्रिंगा, अधिक मोकळा सायलेन्सर हवा असतो. असे भाग थोडे खपतात, म्हणून ते महाग पडतात. यावर तोड म्हणून एकाच जातीच्या गाडीचे मालक एकत्र येतात आणि सर्वांची मागणी एकदम नोंदवितात.

यांतील हिशेब सरळ आहे. एखाद्या भागाच्या सांच्यास १,००,००० रुपये लागतात असें धरलें, तर १० गिऱ्हाइकांपैकीं प्रत्येकावर १०,००० रुपयांचा भार पडतो. गिऱ्हाइकें ५० झालीं, कीं तोच भार २,००० रुपयांवर येतो. म्हणूनच कारखानदार किमान संख्येचा आग्रह धरतो. परंतु ५० पैकीं १५ जण ऐन वेळीं मागें सरले, तर उरलेल्यांस भाव चढा पडतो. अथवा तोटा संयोजकाच्या माथीं बसतो.

संख्येची ही अट किती जड होऊं शकते, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. इलिनॉय राज्यांतील ला हार्प या लहानशा गांवीं फ्रेड गिब हे शेव्हरोले गाड्यांचे विक्रेते होते. कॅमॅरो गाडीस ॲल्युमिनियमचें नवें शक्तिमान इंजिन बसवून ती शर्यतींत उतरवावी, अशी त्यांची इच्छा होती. किमान ५० गाड्या तयार झाल्यावांचून त्या गाडीस त्या वर्गांत प्रवेश नाहीं, असा शर्यतीच्या संघटनेचा नियम होता. गिब यांनीं ५० गाड्यांची मागणी एकट्याच्या जबाबदारीवर केली. १९६९ सालच्या त्या गाड्यांत केवळ इंजिनाची वाढीव किंमत ४,१६० डॉलर ठरली आणि एकेक गाडी ७,००० डॉलरांच्या वर गेली. मागणी ५० गाड्यांची होती. त्या किमतीस गिऱ्हाइकें मात्र तितकीं नव्हतीं. अखेर ३७ गाड्या कंपनीनें परत घेऊन इतर विक्रेत्यांकडे धाडल्या. आज संग्राहक त्याच गाड्यांस प्रचंड किंमत देतात. परंतु उद्यांच्या कौतुकानें आजची हुंडी फेडतां येत नाहीं.

गिब यांच्या पाठीशीं मोठी कंपनी होती. मित्रमंडळींच्या वतीनें मागणी नोंदविणाऱ्या संयोजकास असा आधार नसतो. म्हणून त्यानें प्रथम कारखानदाराकडून लेखी भाव व मुदत घ्यावी. एक नमुना मागवून तो प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहावा. वाहतूक व जकात यांचा खर्च आधींच सांगावा. भाग सदोष निघाल्यास बदलून कोण देणार, हेंही ठरवावें. नुसतीं नांवें मोजूं नयेत, आलेली अनामत रक्कम मोजावी. ती स्वतःच्या पैशांत मिसळूं न देतां निराळ्या खात्यांत ठेवावी आणि तिचा जमाखर्च सर्वांस दाखवावा.

इतकें करूनही संख्या भरली नाहीं, तर ठरल्या दिवशीं ज्याचे त्याचे पैसे परत करून बेत मोडावा. मोडलेल्या बेतानें स्नेह तुटत नाहींत. लांबणीवर पडलेल्या हिशेबानें तुटतात.