पुस्तक मिटून ऐकताना



इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. आपण पाचवीत एबीसीडी गिरवणारे. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारी मी पहिल्या परदेशी कॉलवर गप्पच बसले. काय ठरलं ते नंतर मेलवर विचारलं. 'व्हॉट डू यू'चं बोलताना 'वॉड्या' होतं, हे कुठल्या धड्यात होतं?

मग मुरुडच्या घरातली रेडिओवरची कॉमेंट्री आठवली. थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी. हिंदीतून स्कोअर कळलेला असायचा, म्हणून इंग्रजीतला चौकार भाषांतर न करता कळायचा! आता कॉलआधी विषय वाचून ठेवते. निम्मं तिथेच कळतं.

बाई, तुम्ही धडा वाचायचात तेव्हा आमची नजर पुस्तकात असायची. आज पुस्तक मिटून बसतो. एक उतारा वाचाल?