मैदान कुणाचं?

(धर्मापुरी, जि. बीड इथल्या महिला मेळाव्यातलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलींनो, पुढे या. सतरंजीवर भरपूर जागा आहे.

मी आज मुंबईच्या वानखेडे स्टेडियमबद्दल बोलणार आहे. मुंबई इथून लांब आहे, पण मुद्दा जागेचा आहे, आणि जागेवरून होणारी भांडणं सगळीकडे सारखीच असतात.

हे स्टेडियम भांडणातूनच जन्माला आलं. आधी मुंबईतले मोठे सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायचे. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटं किती द्यायची यावरून क्लबचं आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं बिनसलं. शेषराव वानखेडे तेव्हा संघटनेचे प्रमुख होते. त्यांनी जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं, आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे पुरुषांना बसायला पुरेशी जागा मिळेना, तर अख्खं स्टेडियम बांधलं! आपण शाळेच्या मैदानावर मुलींसाठी तासभर मागितला की लगेच ‘हे काय नवीन खूळ?’

2011 च्या विश्वचषकासाठी या स्टेडियमचा मोठा भाग पाडला. उत्तरेचे आणि दक्षिणेचे स्टँड गेले, नवे आले. जुन्या स्टेडियमच्या आठवणी मी वाचल्या, त्यात रवी शास्त्रीचे 1985 चे एका षटकातले सहा षटकार होते, 1987 चा इंग्लंडविरुद्ध हरलेला उपांत्य सामना होता. 1984 चा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

1984 मध्ये याच मैदानावर आपल्या बायकांचा संघ ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी खेळला होता. इंदूरच्या संध्या अग्रवालने 134 धावा काढल्या. या बायका कुठून आल्या होत्या? 1973 मध्ये पुण्यात त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संघ अवघे तीन होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढेही कितीतरी वर्षं त्या रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यातून जायच्या आणि जमिनीवर अंथरुणं टाकून झोपायच्या. त्यांच्या धावांना या खडतरपणाचं मोल धरून मोजायला हवं, पण धावफलकाला तेवढी अक्कल कुठली!

नवं स्टेडियम झालं, तरी जुनी सवय पाडली गेली नाही. 2013 मध्ये महिलांचा विश्वचषक मुंबईत होता, काही सामने वानखेडेवर ठरले होते. तेवढ्यात पुरुषांच्या रणजी स्पर्धेत मुंबई अंतिम फेरीत पोहोचली. तो सामना वानखेडेवर झाला, आणि बायकांचे सामने दुसऱ्या मैदानांवर हलवले. जगाची स्पर्धा, पण ‘जरा सरकून घ्या’! लग्नाच्या पंगतीत आपल्याला उठवतात ना, अगदी तसं.

1984 नंतर वानखेडेवर बायकांची पुढची कसोटी व्हायला डिसेंबर 2023 उजाडला. मधे 39 वर्षं. आणि त्याच कसोटीत आपल्या संघाने ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत त्या विश्वविजेत्या झाल्या. आता सगळे टाळ्या वाजवतात. वाजवू द्या.

आपल्याकडे काय आहे? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. खो-खोला स्टेडियम लागत नाही. दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते. ती जमीन गावात असते, पण संध्याकाळी तिच्यावर मुलगे असतात आणि मुली हापशावर. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन माणसं निघाली की कितीतरी मुलींची शाळाच सुटते, मग खेळ कुठला? आणि परत येईपर्यंत एखादीचं लग्न ठरलेलं असतं. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या केदारेश्वराच्या देवळावर दगडात कोरलेल्या बायका मी आज सकाळी बघून आले. शेकडो वर्षं झाली, त्या जागच्या हललेल्या नाहीत. जिवंत मुलींना मात्र मैदानावरून हलवायला एक आरोळी पुरते.

कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. पुढच्या सभेत दोन विषय मांडा. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाच ते सहा मुलींचा वेळ, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींना गावात ठेवून शिकवण्याची सोय. ठराव तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायला सांगा. मगच सह्या करा.