सर्वस्वाची निष्ठा : नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई



धर्मनिष्ठ हे विशेषण मराठीत फार सहजपणे बहाल केले जाते. नित्यनेम चुकला नाही, सणवार यथासांग पार पडले, म्हणजे माणूस धर्मनिष्ठ ठरतो. ख्रिस्ती धर्माची मागणी याहून अवघड आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूला विचारले गेले तेव्हा त्याने जुन्या यहुदी शास्त्राचाच आधार घेतला. देवावरील प्रेमात अंतःकरणाचा एक कोपराही वेगळा राखू नये, असे त्याने सांगितले, आणि लगेच त्याला शेजाऱ्यावरील प्रेमाची जोड दिली. या दोन आज्ञा एकमेकींपासून तोडता येत नाहीत. म्हणूनच सर्वस्व वाहणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो : देवाला सर्वस्व द्यावयाचे, तर घरच्या माणसांच्या वाट्याला काय?

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नव्हे. तुकोबांच्या विठ्ठलभक्तीची किंमत घरात आवलीने मोजली, हे मराठी मनाला ठाऊक आहे. परंतु आवलीची बाजू तिच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू उपलब्ध आहेत, आणि त्या कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कपाटात शेजारी शेजारी सापडतात.

या कथेचा आरंभ बालाघाटपासून फार दूर घडलेला नाही. टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृताचा व्यासंग, शीघ्र काव्यशक्ती आणि एका जागी न टिकणारा स्वभाव ही त्यांची शिदोरी. १८९१ मध्ये ते नागपुरास आले. विद्येचे आश्रयदाते अप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ हे मासिक चालविले. पुढे राजनांदगाव संस्थानात त्यांना नोकरी लागली. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. हा लोहमार्ग बालाघाटकरांना परिचित असलेल्या गोंदियावरूनच जातो. संस्कृत काव्याविषयी आदराने बोलणाऱ्या त्या परदेशी प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल दिले. त्यानंतरची दोन वर्षे वाचनाची, पत्रव्यवहाराची आणि अंतरीच्या झगड्याची होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनी पत्नीला न कळविता घेतला होता. निष्ठेची थोरवी गाताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. घर, जात, गोत आणि प्रतिष्ठा टिळकांनी स्वेच्छेने सोडली. लक्ष्मीबाईंना मात्र निवडीची संधीच मिळाली नाही. लहान मुलगा दत्तू पदरी असताना नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांच्या आधाराने त्यांनी काही वर्षे काढली. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, हे दुःख कोणाला सांगावे अशी त्यांची अवस्था होती. टिळकांनी सर्वस्व दिले असे म्हणताना, त्या सर्वस्वात दुसऱ्याच्याही सुखाचा वाटा होता, हे नमूद केलेच पाहिजे.

टिळकांची निष्ठा खरी ठरली ती पुढील वर्तनाने. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. एका घरात दोन धर्म आणि दोन चुली नांदल्या. टिळक शीघ्रकोपी होते, तऱ्हेवाईक होते. परंतु पत्नीच्या श्रद्धेवर त्यांनी बळजबरी केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, देवाने नव्हे, असा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्या पतीच्या मागून गेल्या हे खरे. पण गेल्या त्या स्वतःच्या पायांनी.

सर्वस्व देणे म्हणजे सर्वच टाकून देणे, असा एक गैरसमज असतो. टिळकांनी जुना धर्म सोडला. भाषा सोडली नाही, ओवी-अभंग सोडले नाहीत, देशप्रेम सोडले नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. परदेशी चालींवर गायिल्या जाणाऱ्या उपासनेत त्यांनी मराठी भजनाचा नाद आणला. त्यांची शेकडो पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुखी रुजली. ‘वनवासी फूल’ लिहिणारा हा कवी ख्रिस्ती झाल्यामुळे मराठी रसिकांना परका झाला नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मान होता, पगार होता, स्थैर्य होते. १९१७ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान होते. पहिल्या वेळी त्यांनी जन्माने मिळालेली सुरक्षितता सोडली. दुसऱ्या वेळी धर्मांतराने मिळालेली. दुसरा त्याग अधिक दुर्मीळ म्हणावा लागेल. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतरचा अध्याय लक्ष्मीबाईंचा. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३७ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग पाहण्यास त्या हयात नव्हत्या; १९३६ साली त्यांचे निधन झाले. या पुस्तकात टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, त्यांनी दिलेला मनस्ताप आहे, आणि त्यांच्यावरील अपार मायाही आहे. तक्रारीचे रूपांतर विनोदात करूनही सत्याला त्यांनी कोठे धक्का लागू दिला नाही. १९३३ साली नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्या नागपुरात टिळकांच्या शोधाला दिशा मिळाली, तेथेच त्यांच्या पत्नीचा साहित्यिक म्हणून सन्मान झाला.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास हात घातला होता. पण दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते जाऊ शकले नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. जिला न विचारता एका व्रताचा आरंभ झाला होता, तिनेच त्या व्रताचा मोठा भाग आपण होऊन उचलला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या सभासदांनी आता ‘ख्रिस्तायन’ही मागून घ्यावे, आणि पतीचा हात थांबून पत्नीचा हात कोठे सुरू होतो, तेथे थोडे थांबून वाचावे.