वास्तूने कमवावे, दार उघडे राहावे



जुन्या इमारतीचे करायचे काय, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात: पाडून टाका, नाहीतर कुलूप लावून जपा. तिसरे उत्तर आपल्या ऑकलंडमधल्या हिल्सबरोतच, मॉन्टे सेसिलिया पार्कमध्ये उभे आहे.

पाह होमस्टेड ही इटालियन धाटणीची हवेली व्यापारी जेम्स विल्यमसन यांनी १८७७ ते १८७९ या काळात बांधून घेतली. आराखडा एडवर्ड महोनी आणि त्यांच्या मुलाच्या पेढीचा. त्याच्याही आधी इथे माओरींची वस्ती होती, हे वसाहतकाळाचे कौतुक करताना विसरू नये. पुढे 'सिस्टर्स ऑफ मर्सी' पंथाच्या जोगिणींनी वास्तू घेतली. २००२ मध्ये ती ऑकलंडच्या नगर परिषदेकडे आली आणि डागडुजी होऊन २०१० मध्ये कलादालन म्हणून खुली झाली. चित्रे पाहायला तिकीट नाही. कॅफे आणि समारंभ तिथेच चालतात.

वापर असला की निगा होते. गळती पहिल्याच पावसात कुणाच्या तरी नजरेस येते. पण नुसत्या वापराने भागत नाही. मुंबईच्या काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन आठवा. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट तिथेच, तेव्हाच्या वॉटसन हॉटेलात, दाखवले गेले. पुढे हॉटेल गेले, खोल्याखोल्यांत भाडेकरू आले. वर्दळ भरपूर, पण भाडी गोठलेली. दुरुस्तीला पैसा येणार कुठून? वास्तू खंगत गेली. उलट, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ साली स्टारबक्सने भारतातले पहिले दुकान थाटले. जुन्या दगडी भिंतींआड आजचा धंदा चालू शकतो, हे तिथे दिसते.

दुरुस्ती मात्र जाणत्या हातांनी व्हावी. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. तिच्या दर्जांत सिमेंट भरले की ओल आत अडकते, क्षार फुलतात, गिलावा फुगून सुटतो आणि विटेचा भुगा होऊ लागतो. घाईने चकाचक केलेले दुकान अशा वेळी भिंतीच्या मुळावर येते.

म्हणून सार्वजनिक मालकीची वास्तू व्यापाराला देताना करारात दोन कलमे हवीतच. भाड्याचा ठरावीक वाटा त्याच वास्तूच्या देखभालीवर खर्च व्हावा. आणि काहीही विकत न घेणाऱ्या माणसालाही आत येऊन ती पाहता यावी. या वास्तू उभ्या राहिल्या त्या गवंड्यांच्या, सुतारांच्या घामावर. त्यांच्या नातवंडांना उंबऱ्यावर अडवणारे नूतनीकरण, कितीही देखणे असले तरी, मला मान्य नाही. तुम्हीही ते मान्य करू नका, आणि आपल्या नगरसेवकाला तसे ठणकावून सांगा.