पत्नीच्या हातचे चरित्र



थोर पुरुषाचे चरित्र हाती घेताना आपण मनात एक आसन आधीच मांडून ठेवतो. चरित्रनायकाने येऊन त्यावर बसायचे, एवढेच उरते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी वाचू लागलो तेव्हा आम्हीही ते मांडले होते. १९१९ साली टिळक वारले आणि १९२३ मध्ये विन्स्लो यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. तेथे ते आसन शोभते.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मात्र त्याची पंचाईत होते. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढाच मूळ बेत. १९३४ पासून त्या आठवणीच पुस्तकरूपाने आल्या. पहिल्या वाचनात आम्ही नुसते हसलो. घाटकोपरच्या गाडीत उभ्याने वाचताना शेजारच्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिले! सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, घरातला पैसा भलत्याच कामी लावून येणारा नवरा, हसू येणारच.

दुसऱ्या वाचनात हसू ओसरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती नव्हती. पदरी लहान मूल. बाई पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. पुढली काही वर्षे संसार दुभंगलेलाच होता. सत्यासाठी घर सोडणारा पुरुष आपण पुष्कळ चरित्रांत वंदिला आहे. त्या सत्याची किंमत ज्या घरातून वसूल झाली, तेथून लिहिलेला जमाखर्च आम्ही येथे प्रथम वाचला. अर्थात आमचे वाचन ते केवढे!

आणि या बाई कैफियत मांडत नाहीत. टिळकांचा संताप जसा सांगतात, तसाच त्यांचा जीव लावणारा स्वभावही सांगतात. बालकवी त्यांच्या घरी राहिले, ते काय उगीच? पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून जातिभेद टाकला, मग बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते त्यांनीच पुढे नेले.

टिळकांनी तेव्हा योग्य केले काय, हे आम्ही त्या पानांत पुष्कळ शोधले. बाईंनी निकाल दिलेला नाही. गेल्या आठवड्यात हाच प्रश्न आम्ही घरी विचारला. तिकडून उत्तर आले, “आधी तिला विचारायला हवे होते.” आम्ही पुस्तक मिटले आणि चहाचे भांडे उतरवायला उठलो.