पंपाचे वंगण पाणीच

(पाणीपुरवठा योजनांच्या देखभालीविषयीच्या शिबिरात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात एका गावी चार दिवस नळ कोरडे राहिले, आणि त्याचे कारण तळहातावर मावेल एवढे होते. विहिरीवरील पंपाचे मेकॅनिकल सील जळाले होते. त्याविषयी जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

पंपाचा फिरता शाफ्ट जेथे बाहेर येतो, तेथून पाणी गळू नये म्हणून सील असते. त्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींस टेकलेल्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर राहते. त्यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ. तोच त्यांचे वंगण. घर्षणाची उष्णताही पाणीच वाहून नेते. कोरडे तळहात घासले तर तापतात, ओले सहज सरकतात. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. विहिरीने तळ गाठला, किंवा फूट व्हॉल्व्ह गळून पंप रिकामा झाला, की पापुद्रा नाहीसा होतो. मग चकत्या तापून तडकण्यास काही मिनिटे पुरतात.

जुन्या पंपांत सीलऐवजी ग्लँडची दोरी असते. तेथून पडणारे थेंब पाहून काहीजण नट घट्ट आवळतात. वस्तुतः ते थेंबच दोरीला थंड ठेवतात. मिनिटाला ६० थेंब पडले, तरी दिवसाकाठी जाते सुमारे ४ लिटर पाणी. ते वाचवू गेल्यास दोरी जळते आणि शाफ्ट झिजतो. मेकॅनिकल सीलमधून मात्र पाणी ठिबकू लागले, तर ते बदलणेच इष्ट.

त्या गावचा पंपचालक मला म्हणाला, "साहेब, विहीर आटलेली दिसत होती, पण पंप बंद केला की लोक मलाच बोल लावतात." त्याचे हे उत्तर विचार करावयास लावणारे आहे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याच्या पाण्याचा विषय आहे. तेव्हा ही जबाबदारी एकट्या पंपचालकाची नव्हे. पंप पाण्याने भरल्याखेरीज सुरू होऊ नये. विहिरीच्या पातळीची रोज नोंद व्हावी. एक जादा सील पंपघरात असावे. आणि पातळी खालावताच पंप थांबविण्याचा अधिकार पंपचालकास ग्रामपंचायतीने ठरावाद्वारे द्यावा. या ठरावास खर्च येत नाही. गावाचे पाणी मात्र त्याने टिकेल.