नावाचा संक्षेप आणि साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना संक्षेपाचा मनापासून तिटकारा होता. निबंधात 'इ.' आढळले की समासात तांबड्या शाईने प्रश्न येई : 'आणखी काय काय, ते लिहा.' त्यांच्या नावे चालणाऱ्या या मालेत साहित्यप्रकारांच्या आखूड नावांची बाजू ऐकून घ्यावी असे सुचविणे, हे धार्ष्ट्यच आहे; पण वाद घालायला त्यांनीच शिकविले.

निमित्त एका नव्या शब्दाचे आहे : 'अलक'. अति लघु कथा या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो झाला. पाच-दहा ओळींत संपणारी, शेवटी वाचकाला थबकविणारी ही गोष्ट गेल्या काही वर्षांत मोबाईलच्या पडद्यावर मराठीत अमाप लिहिली गेली आणि तिच्याबरोबर हे नावही पसरले. जुन्या वळणाच्या वाचकांना ते रुचत नाही. आद्याक्षरांची नावे कचेऱ्यांना आणि महामंडळांना शोभतात, वाङ्मयाला नव्हे, हा पहिला आक्षेप. 'अलक' हा संस्कृतात केसांच्या बटेला असलेला चांगला शब्द आहे, तो वाया घालविला, हा दुसरा. नाव घाईचे म्हणून लेखनही घाईचे होते, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपात मला फारसे बळ दिसत नाही. संक्षेपाची हौस मराठी माणसाइतकी क्वचितच कोणाला असेल. आपल्या आजोबांची पत्रे 'शि. सा. न. वि. वि.'ने सुरू होत आणि 'ता. क.'ने संपत. मधे चि., सौ., ती., रा. रा. यांची दाटी असे. लेखकांनाही आपण सोडले नाही. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे 'पुलं' झाले, गजानन दिगंबर माडगूळकरांचे 'गदिमा' झाले, आणि त्यांत कोणाला अनादर दिसला नाही. उलट जिव्हाळाच दिसला. संस्कृत व्याकरणाची इमारत तर 'अच्', 'हल्' अशा प्रत्याहारांवर उभी आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे त्या परंपरेतच म्हटले आहे.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायला उज्जयिनीसारखे स्थळ नाही. अलका ही कुबेराची नगरी. मेघदूतातला यक्ष मेघाला तिकडे धाडतो आणि वाट वाकडी करून उज्जयिनी पाहूनच जा, असा आग्रह धरतो. अलकेची वाट आपल्या गावावरून जाते, तेव्हा 'अलक' या शब्दाशी उज्जैनकरांनी फार परकेपणाने वागू नये, असे मी थोडे गमतीने म्हणतो. गंभीरपणे म्हणायचे तर एका शब्दाला दोन अर्थ असणे हे भाषेला ओझे होत नाही. आणि शब्द रुजत असल्याची एक खूण व्याकरणाने दिली आहे. केसांची बट या अर्थाचा संस्कृत 'अलक' पुल्लिंगी. पण माझ्या ऐकण्यात लोक 'एक अलक लिहिली' असेच म्हणतात. पोटात दडलेल्या 'कथे'ने आपले लिंग टिकविले आहे.

साहित्यप्रकारांची नावे अशीच, काहीशा अपघाताने, पडत आली आहेत. 'कादंबरी' घ्या. बाणभट्टाच्या एका कथेचे, खरे तर तिच्या नायिकेचे हे नाव. चंद्रापीड हा त्या कथेतला राजपुत्र उज्जयिनीच्या तारापीडाचा मुलगा. बाणाच्या हातून ग्रंथ पुरा झाला नाही, तो त्याच्या मुलाने पुरा केला. त्या एका ग्रंथाचे नाव मराठीने आणि कन्नडने सगळ्या प्रकाराला देऊन टाकले. हिंदीने मात्र बंगालीप्रमाणे 'उपन्यास' पत्करला. कथा आणि आख्यायिका यांचा भेद भामह मांडतो, तर दंडी सांगतो की जात एकच, नावे दोन. म्हणजे हा वाद किमान तेराशे वर्षे जुना आहे.

मराठीत तर नावे आखूडच होत गेली. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या छोट्या कथांना 'स्फुट गोष्टी' म्हटले. पुढे 'लघुकथा' आली, आणि गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकरांच्या पिढीनंतर 'लघु' गळून नुसती 'कथा' उरली. फडक्यांच्या 'गुजगोष्टी'ला 'लघुनिबंध' म्हटले गेले, मग 'ललित निबंध' म्हणू लागले, आणि आज लोक 'मी एक ललित लिहिले' असे सरळ म्हणतात. विशेषण होते त्याचे नाम झाले. मलाही ते प्रथम खटकले होते. आता खटकत नाही. 'चार ओळी'ची 'चारोळी' झाली ती तर खिरीतल्या चारोळीशी श्लेष साधूनच; चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने ती घरोघर पोचविली. विज्ञानकथेला मात्र कोणी 'विक' म्हणत नाही. तसे म्हटले तर ती आज्ञाच वाटेल आणि प्रकाशक खूश होतील.

इंग्रजीत याच प्रकारावरून मोठी कुरबूर झाली. फॉरेस्ट ॲकरमन यांनी १९५४ मध्ये 'हाय-फाय'च्या चालीवर 'साय-फाय' हे नाव काढले. लोकांनी ते उचलले. पण त्या प्रकारातल्या अनेक मातब्बर लेखकांना ते उथळ वाटे, आणि ते हट्टाने 'एसएफ' म्हणत. दोन्ही संक्षेपच! म्हणजे राग आखूडपणाचा नव्हता. आपल्या प्रकाराला कोणी खेळणे समजू नये, ही ती धडपड होती. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी फक्त उलटी केली होती. कथेला बक्षीस मिळाले. नाव झाकले तरी कथा उभी राहते, हे तिथे दिसले.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच केला, तिकडे येतो. हिंदीत 'कहानी' म्हणजे आपली कथा. 'लघुकथा' म्हणजे मात्र पानभराची किंवा त्याहूनही छोटी गोष्ट, आणि १९७० नंतर तिने तिथे स्वतंत्र प्रकार म्हणून पाय रोवले. मंटोंच्या १९४८ च्या 'सियाह हाशिये'मधल्या चिमुकल्या नोंदी तिच्या पूर्वजांत मोजल्या जातात. म्हणजे एकच शब्द, 'लघुकथा', मराठीत आठ-दहा पानांचा आणि हिंदीत अर्ध्या पानाचा. पुण्यात हे ध्यानात येणार नाही. माळव्यातल्या मराठी घरांत मात्र मुले शाळेत हिंदी वाचतात आणि आजीशी मराठी बोलतात. तिथे हा शब्द दरवाजासारखा दोन्हीकडे उघडतो.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका मंडळाच्या मराठी लघुकथा स्पर्धेचा मी एक परीक्षक होतो. निम्म्या कथा लांबलचक होत्या, निम्म्या पोस्टकार्डावर मावतील अशा. माझ्या आक्षेपाला न जुमानता संयोजकांनी छोट्या कथा 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवल्या. त्यांतली एक अकरावीतल्या मुलीची होती. आजोबा वारल्यावर घरात मराठी बोलायला कोणी उरले नाही, म्हणून नातू रोज त्यांच्या चष्म्याच्या घरातले चिठोरे मोठ्याने वाचतो, एवढीच गोष्ट, नऊ ओळींची. ती अपूर्ण नव्हती. मुलीने हिंदीतला अर्थ मनात धरून मराठीत लिहिले होते, आणि तिच्याकडे सांगायला शब्द नव्हता की हा माझा प्रकार वेगळा आहे. पुढे ती हिंदीत लिहू लागली. तिथे तिच्या लेखनाला ठरलेले नाव होते.

प्रभाकर माचवे माधव महाविद्यालयात शिकवीत होते; ते आणि गजानन माधव मुक्तिबोध, दोघेही मराठी घरांतले, १९४३ च्या 'तार सप्तका'त हिंदी कवी म्हणून आले. त्यांचे हिंदीत जाणे हे वैभवच होते, आणि मुक्तिबोधांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी झाले. पण आवडीने जाणे वेगळे आणि नियमावलीतल्या एका शब्दामुळे जाणे वेगळे. 'अलक' हा शब्द त्या वर्षी पत्रकावर असता, तर परीक्षकांना दोन ढीग करता आले असते.

तिसरा आक्षेप राहिला, आणि त्यात तथ्य आहे. पुष्कळ अलका म्हणजे विनोदाचे किंवा सुविचाराचे वेषांतर असते. शेवटच्या ओळीचा धक्का पहिल्या ओळीतच ओळखू येतो. पण हा दोष नावाचा म्हणता येत नाही. खांडेकरांच्या रूपककथा छोट्याच होत्या, आणि 'रूपककथा' हे भारदस्त नाव घेऊन पुढे ज्यांनी त्यांचे अनुकरण केले, त्यांपैकी कित्येकांचे लेखन आज वाचवत नाही.

विद्यालयाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या कथास्पर्धेच्या पत्रकात 'कथा' आणि 'अलक' असे दोन विभाग असावेत, 'अलक'पुढे एकदा 'अति लघु कथा' असे पूर्ण नाव छापावे, आणि दोन्हींची शब्दमर्यादा आकड्यात द्यावी. परीक्षकही दोन असावेत. दहा पाने वाचण्याची सवय असलेला डोळा नऊ ओळींवरून घाईने सरकतो. पारितोषिकाची रक्कम मात्र दोन्ही विभागांना सारखी ठेवावी. त्यासाठी लागणारा जादा खर्च माजी विद्यार्थी उचलतील, असे मी त्यांना न विचारता येथे जाहीर करतो.